तुम्ही त्यांचे कोण?

जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची खोली असते. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असताना मी अशाच एका खोलीत आठवड्यातून दोन दिवस बसत असे. अर्ज लिहून द्यायचे, नकला लावायच्या, कोणत्या खिडकीवर जायचं ते सांगायचं, एवढंच काम. एका सोमवारी साठीच्या पुढच्या एक बाई आल्या. हातात साडीच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत घरातले सगळे कागद : रेशनकार्ड, आधार, मुलाच्या मृत्यूचा दाखला, पोलिसांचा पंचनामा आणि घड्यांवर फाटायला आलेली लग्नपत्रिका. मुलगा स्वतःचा टेम्पो चालवायचा; चौतिसाव्या वर्षी अपघातात गेला. सुनेनं वकिलांमार्फत भरपाईचा दावा लावायचं ठरवलं होतं. वकिलांच्या कारकुनानं या बाईंना विचारलं, "तुम्ही मयताचे कोण?" त्यांनी सांगितलं, "आई." मग त्यानं विचारलं, "दाव्यात तुमचं नाव लावायचं ना?" त्यावर मात्र त्या गप्प बसल्या. मला म्हणाल्या, "माझं नाव लावलं तर सुनेच्या वाटणीचं कमी होईल. पोरं लहान आहेत तिची. मला नको काही."

मोटार वाहन कायद्याच्या पेपरात मला चांगले गुण मिळाले होते, तरी बाईंची शंका खरी की खोटी हे मला सांगता आलं नाही. पुढच्या सोमवारी परत या, एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात मी जे शोधलं, त्यातून या विषयाकडे पाहण्याची माझी दिशा ठरली. म्हणून या अभ्यासात नव्यानं येणाऱ्या वाचकाचं स्वागत मी त्याच प्रश्नानं करते आहे.

या विषयाला मी रोजचा कायदा म्हणते. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येणारा कायदा घटनापीठांचा, मोठ्या गुन्ह्यांचा, सरकारं पडण्या-टिकण्याचा असतो. रोजचा कायदा त्याहून जवळचा. नवरा घर सोडून गेला, आता मुलांची फी कोण भरणार? वडील वारले, सातबाऱ्यावर बहिणींची नावं लावायची की हक्कसोडपत्र घ्यायचं? लोकलमधून पडून पाय गेला, रेल्वे काही देईल का? मुलगी लग्न करून परदेशी गेली आणि तिकडच्या कोर्टाची घटस्फोटाची नोटीस आली, ती इथं लागू होते का? विद्यापीठात हे सगळे वेगवेगळे पेपर आहेत : कुटुंबविषयक कायदा, अपकृत्य आणि मोटार अपघात, नागरिकत्व आणि स्थलांतर. शिकवणारे वेगळे, पुस्तकं वेगळी. माणसाच्या पिशवीत मात्र हे सगळे कागद एकत्रच असतात.

त्यांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे कारकुनाचा तो प्रश्न. कुटुंब न्यायालय मुद्दे काढतं तेव्हा पहिलाच मुद्दा बहुधा असा असतो : अर्जदार ही सामनेवाल्याची कायदेशीर पत्नी आहे काय? मोटार अपघात न्यायाधिकरण विचारतं, अर्जदार हे मयताचे कायदेशीर प्रतिनिधी आहेत काय? पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या अर्जांत तर रकानेच नात्यांचे असतात. हक्क किती, रक्कम किती, मुदत किती, हे सगळं पुढचं. आधी ठरतं ते कोण कोणाचं आहे. आणि माझं म्हणणं असं आहे की या प्रश्नाचं उत्तर कायदा एकदाच, सगळीकडे सारखं, असं देत नाही. प्रत्येक कायदा आपापल्या हेतूनुसार नात्यांचं वर्तुळ लहान-मोठं आखतो. ते वर्तुळ कुठं आणि का आखलं गेलं हे वाचायला शिकणं, हाच या विषयाचा अभ्यास.

महाराष्ट्रात या अभ्यासाची सुरुवात कुठून धरायची, असं कोणी विचारलं तर मी १८८४ सालाचं नाव घेईन. त्या वर्षी मुंबईच्या उच्च न्यायालयात रखमाबाईंच्या नवऱ्यानं त्यांनी नांदायला यावं म्हणून दावा लावला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. त्या सावत्र वडिलांच्या, डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या, आणि जाणत्या वयात त्यांनी सासरी जायला नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल त्यांच्या बाजूनं दिला : ज्या बाईनं जाणतेपणी संमती दिली नाही आणि जी कधी नांदलीच नाही, तिला जबरदस्तीनं नांदायला पाठवता येणार नाही. अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत, राजकोटला दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

हा खटला मी पुन्हा पुन्हा वाचते, कारण त्यात एक बाई 'तुम्ही त्यांचे कोण' या प्रश्नाचं उत्तर स्वतः द्यायला उभी राहते. कायद्याच्या लेखी ती पत्नी होती; तिच्या लेखी ती नव्हती. नांदवण्याचा हा दावा आपल्याकडे आजही आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ तेच सांगतं. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवलं. आता त्यासाठी कोणी तुरुंगात जात नाही, पण जिल्ह्याच्या कोर्टांत असे दावे दाखल होत राहतात, पुष्कळदा पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून.

याच्याही मागं गेलं तर धर्मशास्त्राची परंपरा दिसते, आणि तिच्यातही मुख्य वाद वर्तुळाचाच आहे. आपल्याकडे वारसाहक्कासाठी विज्ञानेश्वरांची मिताक्षरा चाले. मुंबई, गुजरात, कोकण या भागांत तिच्या जोडीला सतराव्या शतकातल्या नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूखही मानला जाई. मयूखानं बहिणीला वारसांत जागा दिली, म्हणून मुंबई प्रांतातली बहीण इतर प्रांतांतल्या बहिणीपेक्षा बऱ्या स्थितीत होती. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी हा ग्रंथ संपादित केला. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिलीही करत. पुढे हे जुने नियम बदलू पाहणारं हिंदू संहिता विधेयक रखडलं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. त्यातला बराच भाग १९५५ आणि १९५६ मध्ये चार वेगवेगळ्या कायद्यांनी आला. वाचकानं या वाटेनं एकदा जरूर जावं. आपल्या कोर्टातल्या आजच्या मुद्द्यांना किती जुनी मुळं आहेत ते तिथं कळतं.

आता कुटुंबाच्या कायद्याकडे येऊ. मराठीत त्याचे शब्द आधीपासून आहेत आणि ते नेमके आहेत. पोटगी या शब्दातच पोट आहे. नांदणं, काडीमोड, सोडचिठ्ठी, हक्कसोड हे शब्द वकिलांनी घडवलेले नाहीत, घरांनी आणि जातपंचायतींनी घडवले. काडीमोड केवळ जुना शब्द म्हणून उरलेला नाही : ज्या समाजात रूढीनं घटस्फोट चालत आला आहे, तिथं ती रूढी सिद्ध झाली तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २९ तिला आजही मान्यता देतं. सिद्ध करणं अवघड असतं, आणि तिथंच पुष्कळ बायकांचं दुसरं लग्न अडचणीत येतं.

पोटगीचं वर्तुळ हा या अभ्यासातला सगळ्यात शिकवणारा भाग. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ सगळ्यांना तोंडपाठ होतं. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आली. पत्नी, मुलं, आई-वडील, अशी तिची यादी आहे. यादी लहान दिसते, पण तिचा अर्थ मोठा होत गेला, आणि त्यातले महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणांनी गाठले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वडिलांना पोटगी देण्याची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही असते. लग्न झालं म्हणून ती वडिलांची मुलगी राहत नाही असं होत नाही. २०१३ मध्ये, पहिलं लग्न लपवून ज्या बाईशी दुसरं लग्न केलं तिला, निदान पोटगीपुरतं तरी, पत्नीच धरायचं असं ठरलं. फसवणारा स्वतःच्या फसवणुकीचा फायदा घेऊ शकत नाही, हे त्यामागचं तत्त्व. २०२० मध्ये नागपूर खंडपीठाकडून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी नियम घालून दिला : पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि दोन्ही बाजूंनी मिळकत, खर्च, मालमत्ता यांचं शपथपत्र द्यायचं. पूर्वी हुकमाच्या तारखेपासून पोटगी मिळाली तर तीन-चार वर्षांच्या तारखांची भूक बाईच्या आणि पोरांच्याच वाट्याला यायची.

मुलींच्या वाट्याचा प्रश्नही असाच वर्तुळाचा. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मानं हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. म्हणजे एकाच घरात धाकटी हक्कदार आणि थोरली नाही, अशी स्थिती आली. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं हा भेद गेला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की वडील त्या तारखेला हयात असणं गरजेचं नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेलं वाटप उकरून काढता येत नाही. एवढं सगळं कायद्यात असून गावात घडतं काय? वडिलांचा दहावा-तेरावा आटोपतो, तलाठ्याकडे वारसनोंद होते, आणि थोड्याच दिवसांत बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सहीला बोलावलं जातं. माहेर तुटू नये म्हणून ती हक्कसोडपत्रावर सही करते. सही करण्यात गैर काहीच नाही. तो तिचा निर्णय आहे. पण आपण काय सोडतो आहोत हे तिला सहीपूर्वी कोणी सांगितलेलं असावं. या विषयाचा अभ्यासक तो 'कोणी' असू शकतो.

गोव्यात गेलं की हेच प्रश्न वेगळे होतात, कारण तिथं १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा सर्व धर्मीयांना लागू आहे. लग्नाची नोंद नागरी निबंधकाकडे दोन टप्प्यांत होते. वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको एकमेकांच्या मालमत्तेत निम्मे भागीदार होतात, आणि मुलं असताना मृत्युपत्रानं निम्म्यापेक्षा जास्त मालमत्ता बाहेर देता येत नाही. सावंतवाडीची मुलगी पेडण्याला दिली तर पाऊण तासाच्या अंतरात तिचं कायदेशीर जग बदलतं. दोन्हीकडच्या वकिलांना ही देवाणघेवाण सवयीची आहे. पुस्तकांत मात्र ती फार थोडी आली आहे.

आता इजा आणि मृत्यूची भरपाई. इथं कायदा दुःखाला आकडे लावतो, म्हणून पुष्कळांना तो कोरडा वाटतो. माझा अनुभव उलटा आहे. त्या बाईंच्या मुलाचा हिशेब आजच्या सूत्रानं मांडून पाहू. वय ३४, स्वतःचा टेम्पो, मिळकत महिना २०,००० रुपये धरू. २०१७ च्या घटनापीठाच्या निकालानुसार चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या मिळकतीत भावी वाढीचे ४० टक्के मिळवायचे : २८,०००. वर्षाचे ३,३६,०००. त्यातून मयतानं स्वतःवर केला असता तो खर्च वजा करायचा. २००९ च्या निकालानं त्याची कोष्टकं ठरवली : अवलंबून माणसं दोन किंवा तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. कारण उघड आहे. घरात खाणारी तोंडं वाढली की कमावणारा स्वतःवर कमी खर्च करतो. मग वयाप्रमाणे गुणक : ३१ ते ३५ साठी १६. बायको आणि दोन मुलं धरली तर वर्षाचे २,२४,००० गुणिले १६, म्हणजे ३५,८४,०००. चौथी म्हणून आई धरली तर २,५२,००० गुणिले १६, म्हणजे ४०,३२,०००. फरक ४,४८,००० रुपयांचा. अंत्यविधीचा खर्च आणि आप्त गमावल्याबद्दलची ठरावीक रक्कम याहून वेगळी, आणि २०१८ पासून ती दुसरी रक्कम पत्नीप्रमाणेच मुलांना आणि आई-वडिलांनाही मिळू लागली आहे.

मोटार कायद्यातलं 'कायदेशीर प्रतिनिधी' हे वर्तुळ मुद्दाम मोठं ठेवलेलं आहे. १९८७ मध्ये भावाला दावा लावता येतो असं ठरलं. २०२१ मध्ये जावयाकडे राहणाऱ्या सासूलाही. मयताच्या जाण्यानं ज्याच्या ताटातलं खरोखर कमी झालं, त्याला आत घ्यायचं, ही त्यामागची दृष्टी. याच्या शेजारी रेल्वेचा कायदा ठेवला की विरोध डोळ्यात भरतो. १९८९ च्या रेल्वे कायद्यानं 'अवलंबित' कोण ते यादी करून सांगितलं आहे : पती, पत्नी, मुलगा, मुलगी, अवलंबून असतील तर आई-वडील, अज्ञान भाऊ, अविवाहित किंवा विधवा बहीण, विधवा सून. सज्ञान भाऊ त्यात नाही. रक्कमही ठरलेली : १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ८ लाख, मिळकत कितीही असो. पण या लहान वर्तुळाच्या बदल्यात रेल्वेचा कायदा एक मोठी सवलत देतो. चूक कोणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. डोंबिवलीला गर्दीत चढताना हात सुटून पडलेल्या माणसाला 'तूच निष्काळजी होतास' म्हणून परत पाठवता येत नाही, हे २००८ मध्ये ठरलं. २०१८ मध्ये हेही ठरलं की मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो विनातिकीट होता असं मानायचं नाही. घरच्यांनी शपथपत्रानं माहिती दिली की पुढचा भार रेल्वेवर जातो. रूळ ओलांडताना झालेला अपघात यात बसत नाही, आणि अर्ज एका वर्षाच्या आत करावा लागतो.

जखमी माणसाच्या दाव्यात आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. डॉक्टर दाखला देतात तो शरीराच्या अपंगत्वाचा. भरपाई ठरते ती कमाईच्या नुकसानावरून. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उदाहरण देऊन सांगितलं : डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ सगळीच जाते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून अभ्यासकानं दाखल्यावरच्या टक्क्यांवर न थांबता विचारायचं, हा माणूस त्या हातानं काय करत होता? घर सांभाळणाऱ्या बाईच्या बाबतीत याच प्रश्नाला कोर्टांनी फार उशिरा तोंड दिलं. जानेवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीचे आकडे पुढं ठेवले : घरच्या बिनपगारी कामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७. स्वयंपाक, पाणी, आजाऱ्यांची उठबस, शेतातली मदत, या सगळ्याला मोल आहे आणि तिच्या मृत्यूनंतर ते मोजलं पाहिजे, असं त्या निकालानं बजावलं. ती जिवंत असताना घरानं ते कधी मोजलं होतं का, हा प्रश्न निकाल वाचून संपला तरी मनात राहतो.

तिसरा प्रदेश सीमा ओलांडणाऱ्यांचा. मराठी माणसाच्या संदर्भात त्याची दोन उदाहरणं मला फार मोलाची वाटतात. पहिलं गोव्याचं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्यानं नागरिकत्वाची वाट ठेवली, आणि अनेक गोंयकार त्या वाटेनं युरोपात गेले. त्यासाठी आजोबांच्या जन्माची, लग्नाची नोंद लिस्बनच्या दप्तरात चढवावी लागते. जुन्या दप्तरात 'कामत' हे 'कामोतीम' असतं, आणि आजचा पासपोर्ट, शाळेचा दाखला यांत ते वेगळं. मग हे आजोबा तुमचेच हे दाखवण्यासाठी कागदांची साखळी जुळवत बसायचं. दुसऱ्या बाजूला आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं. परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून कार्ड मिळू शकतं, पण त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. भाटलीवर, माडांच्या बागेवर, जीव असलेल्या माणसानं सही करण्यापूर्वी हे समजून घ्यायला हवं.

दुसरं उदाहरण कोकणातल्या बेने इस्रायलांचं. पेणकर, रोहेकर अशी आडनावं लावणारा, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून 'शनिवार तेली' म्हटला गेलेला हा मराठी बोलणारा यहुदी समाज. इस्रायलच्या १९५० च्या कायद्यानं प्रत्येक यहुद्याला तिथं येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला, आणि बेने इस्रायल गेले. पण तिथं लग्न आणि घटस्फोट १९५३ च्या कायद्यानुसार धर्मपीठाच्या न्यायालयांकडे आहेत, आणि धर्मपीठानं लग्नापूर्वी यांच्या आई-आजीपर्यंत आणि शक्य तितकं मागं वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. नागरिक म्हणून यहुदी, लग्नासाठी मात्र संशयित. १९६४ मध्ये या मराठी बायाबापड्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तिथल्या संसदेनं त्यांच्या बाजूनं ठराव केला आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं. एकाच माणसाला एक कायदा 'तू आमचा' म्हणतो आणि दुसरा 'दाखव' म्हणतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

परदेशी लग्नांचे प्रश्न आता तालुक्याच्या गावीही येतात. तिकडच्या कोर्टानं दिलेला घटस्फोट आपोआप इथं चालत नाही. १९९१ च्या निकालानुसार ज्या कायद्यानं लग्न झालं त्या कायद्यातल्या कारणांवर तो दिलेला हवा, किंवा दोघांनी त्या कोर्टाचा अधिकार आपणहून मान्य केलेला हवा. मुलाला घेऊन आई परत आली तर प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण बालकांना परत पाठवण्याविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. आपली कोर्टं मुलाचं हित पाहून ठरवतात. म्हणून अशी नोटीस आली तर ती कपाटात ठेवून देऊ नये. उत्तर काय द्यायचं हे विचारपूर्वक ठरवावं, कारण देण्यात आणि न देण्यात दोन्हींत परिणाम असतो.

नवीन वाचकाला अभ्यासाची पद्धत म्हणून तीन सवयी सुचवते. पहिली, तारखेची. अपघात कधीचा, लग्न कधीचं, दुरुस्ती कधी लागू झाली, हे आधी लिहून काढा. मोटार अपघाताच्या दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत कलमात आली; ती माहीत नसल्यानं घरचे दुःखात असतानाच दिवस निघून जातात. दुसरी सवय ठिकाणाची. बीडचा ऊसतोड कामगार कोल्हापूरकडे जखमी झाला तर त्याला आपल्या राहत्या ठिकाणीही मोटार अपघाताचा दावा लावता येतो. तिसरी, नावाची. आपल्याकडे लग्नात आडनावच नव्हे, पुष्कळदा मुलीचं पहिलं नावही बदलतं. शाळेच्या दाखल्यावरची आणि रेशनकार्डावरची बाई एकच आहे हे पुढे विमा कंपनीला, पासपोर्ट कार्यालयाला, कोर्टाला पटवत बसावं लागतं. लग्नाची नोंदणी आणि नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी, हे दोन कागद वेळेवर केले तर पुढची कित्येक वर्षं वाचतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रानं आईचं नाव लावणं सुरू केलं आहे. त्या पिढीचे कागद उद्या वेगळे बोलतील.

आणि हे सगळं वकिलाच्या फीवर अडून राहत नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक बाईला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तीला, अपंगाला, औद्योगिक कामगाराला मिळकत न पाहता मोफत वकील देण्याची सोय केली आहे. १५१०० हा फोन नंबर त्यासाठीच आहे. कुटुंब न्यायालयाची तर रचनाच अशी आहे की माणसानं स्वतः उभं राहून बोलावं. १९८४ च्या कायद्यात वकील हा हक्क म्हणून दिलेला नाही, आणि समुपदेशकाकडे जाणं हा कामकाजाचाच भाग आहे. लोकअदालतीत मात्र सही करण्याआधी शांतपणे वाचावं, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

या अभ्यासात कायद्याचे विद्यार्थी यावेत, तसेच विधी स्वयंसेवक, अंगणवाडीताई, पोलीस पाटील, बचत गटाच्या अध्यक्षा, बँकेत विम्याचे अर्ज भरून देणारे कर्मचारीही यावेत. लोक पहिला प्रश्न त्यांनाच विचारतात. त्यांना प्रत्येक उत्तर ठाऊक असायला हवं असं नाही. समोरच्याचा प्रश्न कोणत्या वर्तुळात बसतो आणि कुठल्या दारावर जायचं, एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ नुकसान टळतं.

पुढच्या सोमवारी त्या बाई आल्या, या वेळी सुनेला घेऊन. मी आठवडाभर कोष्टकं पाहिली होती, पण आकडे सांगायचं धाडस होईना, म्हणून खोलीतल्या ज्येष्ठ वकीलबाईंनी एक पाठकोरा कागद घेतला आणि दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडले, एक तीन माणसांचा, एक चार माणसांचा. सासूबाईंना आकडे वाचता येत होते. त्यांनी दोन्ही बेरजांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "म्हणजे मी असल्यानं वाढतं?"

"हो," वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही त्याच्या घरातल्या आहात म्हणून."

सुनेनं पिशवीतून रेशनकार्ड काढलं. त्यावर सासूबाईंचंही नाव होतं.